कर्लीच्या तोंडाशी: भरती, वारा आणि परतीची वेळ

गुरुवार, द्वादशी

कोल्हापूरहून फोंडा घाटाने उतरून दुपारी चारच्या सुमारास देवबागला पोचलो. मी, धाकटी बहीण, मेहुणे आणि कोल्हापूरचा एक मित्र. जानेवारीचे दिवस, हवा कोरडी, उन्हाला चटका नाही. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. दक्षिणेच्या टोकाला नदी समुद्राला मिळते तो संगम. पलीकडच्या काठावर वेंगुर्ला तालुका लागतो, कोरजाईचा धक्का आणि त्यापुढे भोगवेची पुळण. खाडीतून कयाकने, म्हणजे वल्हवायच्या छोट्या निमुळत्या होडीने, तोंडापर्यंत जायचं, ओलांडून भोगवेच्या वाळूला पाय लावायचा आणि परत यायचं, एवढ्याचसाठी आम्ही आलो होतो.

अंतर फार नाही. नकाशावर पाहिलं तर शाळकरी पोरालाही जमेल असं वाटतं. पण नदीच्या तोंडाशी पाणी दर तासाला बदलतं, वारा दिवसातून दोनदा फिरतो आणि वाळूचे पट्टे दर पावसाळ्यात जागा बदलतात. तिथे जायचं की नाही, हे सकाळी काठावर उभं राहून ठरवण्यात अर्थ नसतो. समोर सपाट, चकाकणारं पाणी दिसत असताना कुणीच नाही म्हणत नाही.

म्हणून संध्याकाळी चहा झाल्यावर कागद घेऊन बसलो. आम्ही उतरलो होतो ते घर थेट खाडीवर. घरच्या काकी, आणि शेजारीच राहणारे त्यांचे दीर. दीर जुने तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख; आता होडीवर मुलगा जातो. माझ्या मोबाइलवर भरती-ओहोटीचा तक्ता उघडा होता. त्यांनी तो बघितलाही नाही.

"उद्या त्रयोदशी," ते म्हणाले. "तिथीची पाऊणपट करा, भरतीचो टायम गावता. आमच्या तोंडार त्याच्या वायच आधी भरता."

तेराची पाऊणपट पावणेदहा. हा हिशेब साधारण मुंबईला लागू पडतो. दक्षिणेकडे यावं तशी भरती थोडी आधी होते. तक्त्यात नऊ वाजून काही मिनिटं होती. किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब पाठ करावा असं मला मनापासून वाटतं. पक्ष बदलला की प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. तक्ता अधिक नेमका असतो, तो बघायचाच. पण रेंज गेली किंवा मोबाइल भिजला तरी तिथी कुणी काढून घेत नाही.

कागदावर दोन रकाने केले, पाणी आणि वारा.

पाण्याच्या रकान्यात: भरती नऊला पूर्ण, ओहोटी सव्वातीनला पूर्ण. ओहोटीचे सहा तास सारखे नसतात. एकूण उताराचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. मालवणकडे उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीला, पाण्याची चढउतार दोन मीटरच्या आसपास असते. म्हणजे मधल्या दोन तासांत दर तासाला अर्धा मीटर पाणी खाडीतून बाहेर पडतं, आणि सगळं त्या एका तोंडातून. उद्यासाठी ते तास अकरा ते एक.

वाऱ्याच्या रकान्यात: पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे, साडेनऊ-दहाला ते पडतात, थोडा वेळ स्तब्ध, आणि अकरा-बारापासून समुद्रावरून खारे वारे. दुपारी दोन-तीनला त्यांचा जोर सर्वांत जास्त.

दोन रकाने शेजारी ठेवले की धोका आपोआप दिसतो. दुपारी पाणी पश्चिमेला बाहेर धावतंय आणि वारा पश्चिमेकडून आत येतोय. दोघे समोरासमोर आले की तोंडाशी लाट उभी राहते. त्याच्या आत घरी असायला हवं. म्हणून आमचं ठरलं: पावणेसातला निघायचं, काठ धरून तोंडाशी जायचं, नऊच्या आसपास पाणी थांबलेलं असताना ओलांडायचं, आणि सव्वानऊला जिथे असू तिथून परत फिरायचं. ही ओळ मी दोनदा गिरवली.

कागदाची एक प्रत काकींकडे दिली. त्यावर माणसं किती, कयाक कोणत्या रंगाचे, कुठून कुठे, परत किती वाजता, आणि अकरापर्यंत आलो नाही तर आधी तांडेलांना सांगायचं, मग तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करायचा. काकींनी ती प्रत देवाच्या फोटोमागे खोचली.

रात्री तिसऱ्यांचं सुकं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, त्याच दिवशी खाडीतून काढलेल्या. यावर जास्त लिहीत नाही, नाहीतर मूळ विषय राहून जाईल.

शुक्रवार, त्रयोदशी

सहाला उठून दार उघडलं तर खाडीच दिसेना. दाट धुकं. पाच-सहा हातांवर बांधलेली होडी नुसती काळी सावली. माडांवरून थेंब पडण्याचा आवाज तेवढा येत होता.

वारा नव्हता, पाणी शांत होतं, सगळे तयार होते. मेहुण्यांचं म्हणणं की काठ धरूनच जायचंय तर धुक्याने काय बिघडतं. तांडेल दात घासत धक्क्यावर आले. "धुक्यात तुमका बोट दिसाची नाय," म्हणाले, "आणि बोटवाल्याक तुम्ही." पहाटे मासेमारीहून परतणाऱ्या होड्या याच वाटेने येतात आणि इंजिनाच्या आवाजात शिट्टी ऐकू जात नाही. विषय तिथेच संपला.

काकींनी उकडा तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. "रिकाम्या पोटान पाण्यात उतरू नकात." थांबायचंच होतं तर मी बसून प्रत्येकाचं जाकीट तपासलं. हे काम मी कुणावर सोडत नाही. जाकीट घातल्यावर खांद्याचे पट्टे धरून वर ओढायचं. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघणार. भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच जाकिटांचे बक्कल तुटके असतात. तसं एक निघालं, ते बाजूला ठेवून दुसरं घेतलं. शिट्टी खिशात ठेवायची नाही, जाकिटाला बांधायची. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पाकिटात घालून अंगावर, कयाकमध्ये नव्हे. कारण कयाक उलटून वाहत गेला तर मोबाइल त्याच्याबरोबर जातो.

धुकं उठलं तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. सूर्य एकदम वर आला आणि खाडी अशी काही उजळली की सगळ्यांना वाटलं, चला आता तोंडाकडे. खरी परीक्षा इथेच असते. दोन तास उशीर झाला म्हणून परतीची वेळ दोन तास पुढे ढकलावी, हा विचार किती सहज येतो! पण भरती आमच्यासाठी थांबलेली नव्हती. आत्ता निघालो असतो तर तोंडाशी पोचेपर्यंत ओहोटी लागली असती आणि येताना सगळी वाट प्रवाहाच्या उलट. साधा हिशेब: आरामात वल्हवलं तर कयाक ताशी साडेचार किलोमीटर जातो. समोरून ताशी तीनचा प्रवाह आला तर उरतात दीड. तीन किलोमीटरला दोन तास, तेही न थांबता.

भोगवे रद्द केलं. त्याऐवजी उरलेल्या भरतीवर वरच्या अंगाला कांदळवनात गेलो.

आणि ते फार सुंदर निघालं. पूर्ण भरतीलाच झाडांमधल्या पाण्याच्या अरुंद चिरांमधून कयाक आत शिरतो. दोन्ही बाजूंना कांदळाची कमानीसारखी मुळं, त्यांच्या मागे तिवर. मुळांवर कालवांचे थर, त्यांवर चढणारे बोटभर खेकडे. खंड्या एका फांदीवरून सूर मारायचा आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसायचा. आमच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. बहीण पहिल्यांदाच कयाकमध्ये बसली होती. तिला मुद्दाम तिथेच, कमरेएवढ्या पाण्यात, एकदा उलटायला लावलं. पडायचं, वल्हं सोडायचं नाही, कयाकला धरून राहायचं, पाय मागे पसरून लाथा मारत पोटावर चढायचं, मग वळून बसायचं. तिसऱ्या प्रयत्नात तिला जमलं आणि तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. हे आधी उथळ पाण्यात केलेलं नसेल तर खोल पाण्यात सुचत नाही.

चिरांमधून पाणी उतरायला लागलं की लगेच निघायचं. आत अडकलात तर गुडघाभर चिखल, आणि कालवांच्या धारेने तळवे चिरतात; जुने बूट घातलेलेच असावेत, चपला चिखल ओढून घेतो. मुळांवर ओली रेघ बोटभर वर दिसली तशी आम्ही वळलो. ओहोटी घराकडेच नेत होती, वारा अजून उठला नव्हता, साडेअकराच्या आत धक्क्याला लागलो.

दुपारी जेवून गाडीने संगमावर गेलो, मुद्दाम, तोंड बघायला. सकाळी ज्या पाण्यावर जायचा आमचा विचार होता तेच पाणी दीड वाजता कसं दिसतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहावं म्हणून.

पाणी पांढरं झालं होतं. लाट उंच नव्हती, कमरेएवढी असेल. पण एकीच्या पाठीला दुसरी लागलेली आणि अंगावर कोसळणारी. त्याच्या थोडं आत दोन मुलं एका कयाकमध्ये वल्हवत होती. तोंड आमच्याकडे, वल्ही जोरात चालू. पहिल्यांदा वाटलं, येतायत. मग मित्राने दाखवलं: त्यांच्या मागे पलीकडच्या काठावर एक उंच माड आणि त्यामागे टेकडीवरचा एक पांढरा दगड, एका रेषेत. दोन मिनिटांनी बघितलं तर मुलं त्या रेषेच्या उजवीकडे, म्हणजे समुद्राच्या बाजूला सरकलेली. ती पुढे वल्हवत होती आणि मागे जात होती. कयाकमध्ये बसलेल्याला हे कळत नाही, कारण पाणी कापलं जाताना दिसत असतं.

काठावरच्या एका बोटवाल्याने इंजिन चालू केलं आणि त्यांना ओढून आणलं. मुलं गप्प होती, हात थरथरत होते. एकाचं जाकीट कयाकच्या मागच्या जाळीत बांधलेलं. त्यांना कयाक देणाऱ्याने वेळ सांगितली नव्हती, त्यांनी विचारली नव्हती. बोटवाल्याने पैसे घेतले नाहीत. त्यांना सावलीत बसवलं, शहाळी फोडून दिली.

पाण्यात असताना ही माड-दगडाची रेषा दर दहा मिनिटांनी बघत जा. काठावरच्या कोणत्याही दोन वस्तू चालतात, एक जवळची, एक लांबची. आणि प्रवाह ओढतोय असं दिसलं तर त्याच्याशी समोरून झगडायचं नाही. तिरकं काठाकडे जायचं. काठाजवळ ओढ कमी असते.

शनिवार, चतुर्दशी

रात्री जाग आली ती आवाजाने. वारा नव्हता, माडाची झावळीही हलत नव्हती, पण समुद्राच्या बाजूने सतत घुमणं चालू होतं. सकाळी तांडेल एवढंच म्हणाले, "आज तोंड गाजता. भायर जावचा नाय."

आकाश निरभ्र, धुकं नाही. मी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज उघडला. त्यात वायव्येकडून लाटा वाढलेल्या. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडे शमाल नावाचे जोरदार वारे वाहतात. त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला येतात. रत्नागिरी आणि गोव्याजवळ संशोधकांनी त्यांच्या नोंदी घेतल्या आहेत. आपल्याकडे पान हलत नसताना समुद्र का गाजतो, याचं उत्तर कधी कधी इतक्या लांब असतं. "वारो नाय म्हणान लाट नाय, असा नसता," हे तांडेलांचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

म्हणून अंदाज बघताना फक्त वारा बघून थांबू नका. लाटेची उंची बघा, दिशा बघा, आणि दोन लाटांमधला अवधी बघा. अवधी जास्त असेल तर उंची कमी दिसली तरी वाळूच्या पट्ट्यावर ती लाट जोरात फुटते. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा त्यासोबत वाचायचा. आणि त्यानंतर स्थानिक माणसाला विचारायचं, कारण वाळू या वर्षी कुठे आहे हे कोणत्याही पडद्यावर दिसत नाही.

गुरुवारी रात्रीच कागदाच्या मागे दुसरा बेत लिहून ठेवला होता, त्यामुळे हिरमोड झाला नाही. भरतीबरोबर नदीने वर, नेरूरपारच्या दिशेनं, एकाच बाजूचा प्रवास. परत वल्हवत यायचंच नाही. पुलाजवळ टेम्पो उभा. भरतीच्या बाजूने जायचं आणि गाडीने परतायचं, नवख्या माणसाला घेऊन जाण्यासाठी याहून चांगली रचना मला माहीत नाही. बंदोबस्त एकच: टेम्पोवाल्याकडेही आपली वेळ आणि कागदाची प्रत हवी.

सातला निघालो. देवबाग मागे पडलं तसं घुमणं कमी होत गेलं आणि खाडी रुंद, संथ. वाटेत पाग टाकणारे एक आजोबा होडीत उभे. जाळं गोल फुलून पाण्यावर पडलं, त्यांनी ते सावकाश ओढलं, आणि आमच्याकडे बघून हाताने लांबून जायची खूण केली. पुढे बुडालेल्या जाळ्याची दोरी होती. खाडीत रोवलेले खांब, नांगरलेल्या होड्या, पुलाचे खांब यांच्याजवळ, प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूने, कधी जाऊ नये. प्रवाह कयाकला आडवा करून त्यावर दाबतो. तरीही आदळलाच, तर अंग त्या वस्तूकडे झुकवायचं. घाबरून उलट्या बाजूला झुकलं की पाणी कयाकच्या कडेवरून आत शिरतं आणि तो उलटतो.

दहाच्या सुमारास उतरलो. परतताना वाटेत धामापूरचा तलाव लागतो. १५३० साली बांधलेला हा तलाव अजून गावाला पाणी देतो आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. तासभर तिथे नुसते बसलो. चौकेला एका घरगुती खाणावळीत काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे. पाण्याचा दिवस जमिनीवर घालवला असं कुणालाच वाटलं नाही.

रविवार, पौर्णिमा

रात्री आवाज उतरला होता. पहाटे अंदाजातही लाट कमी. धुकं हलकं, साडेसातला विरलं. भरती आज साडेदहाच्या आसपास. म्हणजे पाणी थांबण्याची वेळ आणि खारे वारे सुटण्याची वेळ यांच्यात फट लहान, आणि पौर्णिमेचं उधाण असल्याने ओहोटीचा जोर मोठा. कागदावर लिहिलं: तोंडाशी दहाला, फिरायचं पावणेअकराला, लाट फुटताना दिसली तर आतूनच परत. तांडेलांचा मुलगा लहान इंजिनाची होडी घेऊन मागे राहणार होता. त्याचे पैसे आधीच ठरवले. सोबतीच्या होडीच्या खर्चात कंजुषी करू नका.

काठ धरून, भरतीला तोंड देत, सावकाश निघालो. काठाजवळ प्रवाह सौम्य असतो, क्वचित उलटाही फिरतो. तो वापरत गेलं की दमायला होत नाही. डोक्याला भगवे रुमाल, पर्यटकांच्या वेगवान बोटींना दिसावेत म्हणून. दर अर्ध्या तासाला मीठ-साखरेचं पाणी आणि चिक्की, तहान लागो न लागो. इथे थंडीने नव्हे, उन्हाने माणूस खचतो, आणि खचलेला माणूस चुकीचे निर्णय घेतो.

दहाला संगमाच्या आतल्या वाळूच्या पट्ट्यावर थांबलो आणि तोंडाकडे पाहत राहिलो. पाच मिनिटं, घड्याळ लावून. लाटा गटाने येतात; एक शांत गट बघून निघालं की पुढचा मोठा गट मधे गाठतो. पाच मिनिटांत एकही लाट वाटेवर फुटली नाही. पाण्यावरचा पालापाचोळा अजून हळूहळू आत सरकत होता. पाणी पूर्ण भरलं असं दिसलं तरी प्रवाह काही वेळ आत चालूच राहतो, म्हणून घड्याळापेक्षा पाचोळा खरा. तो जवळजवळ थांबला तेव्हा मुलाने होडीतून हात वर केला.

दोन्ही कयाक शेजारी, मधे दोन वल्ह्यांचं अंतर. खालचं पाणी हिरव्याचं निळं झालं आणि कयाक पहिल्यांदा समुद्राच्या लांब, गुळगुळीत फुगवट्यावर वर उचलला गेला. बहीण ओरडली, आनंदाने. डोक्यावर ब्राह्मणी घार, उजवीकडे उघडा समुद्र, समोर भोगवे. वाळूला कयाक घासला तेव्हा साडेदहाला चार मिनिटं कमी होती.

वीस मिनिटं मिळाली. वाळू मऊ, कोमट, पुळणीवर आम्हीच. मेहुण्यांना टोकापर्यंत चालत जायचं होतं. मी घड्याळ दाखवलं, ते लगेच वळले. गुरुवारपासून कुणीच त्या ओळीवर वाद घातला नव्हता. परत ओलांडताना पाचोळा नुकता बाहेर सरकू लागला होता. साडेअकराच्या पुढे, घर दिसत असताना, मानेवर पहिली खारी झुळूक लागली.

काकींनी फोटोमागचा कागद काढून चुलीत टाकला आणि बांगड्याचं तिखलं वाढलं.

जाणार असाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेकडून लांबच्या लाटा येतात आणि वारेही तापट. पावसाळ्यात, २६ मे ते ३१ ऑगस्ट, सिंधुदुर्गात जलक्रीडा बंद असते. त्या काळात कुणी कयाक देतो म्हणाला तरी घेऊ नका. वल्हवायचं नसेल, कांदळवन मात्र बघायचं असेल, तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला होडीतून सफर घडवतात.

आणि तिथी निवडता येत असेल तर आमच्यासारखं उधाण गाठू नका, अष्टमीच्या आसपास जा. तेव्हाच्या भांगाच्या, म्हणजे लहान, भरतीत पाण्याची चढउतार कमी, प्रवाह मंद. त्या दिवसांत सकाळी अकराच्या सुमारास ओहोटी संपते आणि दुपारभर पाणी आत चढत राहतं, म्हणजे खारे वारे आणि भरती दोघे एकाच दिशेने, खाडीत वर, घराकडे. सकाळी ओहोटीबरोबर खाली उतरा, संगमाच्या आतल्या वाळूवर डबा खा, एकच्या सुमारास निघा. परतीची वेळ मात्र तेव्हाही आदल्या रात्रीच लिहा.